जत्रेची रात्र पुरी पाहावी

दासबोधात समर्थ रामदासांनी एके ठिकाणी दशावताराच्या खेळाचा दाखला दिला आहे. खेळात सुंदर बायका येतात, डोळे मोडून कलाकुसर दाखवतात, पण असतात ते सगळे धटिंगण पुरुष, अशा अर्थाची ती ओवी. डोळ्यांना दिसतं ते खरं मानू नये, हे श्रोत्यांना पटवायला समर्थांनी हा दाखला घेतला. दाखला नेहमी ऐकणाऱ्याच्या ओळखीचा द्यावा लागतो. म्हणजे सतराव्या शतकातल्या मराठी श्रोत्याला दशावतारी खेळ आणि त्यातली लुगडं नेसलेली पुरुषमंडळी चांगली माहीत होती. आडिवऱ्याच्या शामजी नाईक काळे यांनी १७२८च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, असं नाट्येतिहासात सांगितलं जातं. काळ्यांनी खेळाला नवी घडण दिली असेल, त्याचे मेळ उभे केले असतील. पण खेळ त्यांच्या आधीपासून इकडे हिंडत होता, याला समर्थांची ती ओवी साक्ष आहे.

हा खेळ आजही जिथे आपल्या मूळ जागी, म्हणजे देवळापुढे, रात्री, जत्रेच्या दिवशी होतो, तो मुलूख म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा आणि त्याला लागून असलेले गोव्यातले पेडणे-डिचोलीसारखे तालुके. मुंबई-पुण्याची माणसं तारकर्ली आणि मालवणचा किल्ला पाहून परत येतात. थंडीच्या दिवसांत तिथून दहा-पंधरा किलोमीटर आत कुठल्या तरी देवळापुढे रोज रात्री नाटक उभं राहतं, हे त्यांच्या गावीही नसतं. मला हा लेख लिहावासा वाटला तो यासाठी. लहान मुलं असलेल्या घरांनी दोन दिवस काढून एकदा तरी कोकणातली जत्रा पाहावी, आणि ती रात्रभर पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या विझल्या की या भागात जत्रांचा हंगाम सुरू होतो. भात घरात आलेलं असतं, शेतं मोकळी असतात, पाऊस गेलेला असतो. प्रत्येक गावाच्या ग्रामदेवतेची वार्षिक जत्रा ठरलेल्या तिथीला होते. देव कोणते? रवळनाथ, माऊली, भूमिका, रामेश्वर, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी सातेरी, आरवलीचा वेतोबा. या वेतोबाला नवसाच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. जयवंत दळवींमुळे आरवलीचं नाव मराठी वाचकाच्या कानावर असतं. तिथला देव मात्र गेल्याशिवाय कळत नाही.

शेजारशेजारच्या गावांच्या तिथ्या सहसा वेगवेगळ्या असतात. आज या गावात जत्रा, उद्या ओढ्यापलीकडच्या गावात, परवा घाटीच्या वरच्या अंगाला. जत्रेची सगळी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी आहे. खाजेवाला, काकणवाला, फुगेवाला, चहा-भज्यांचं दुकान लावणारं जोडपं आणि दशावताराची मंडळी रोज एका गावातून उठून दुसऱ्या गावात जाऊ शकतात. एका गावाच्या एका रात्रीवर यांतल्या कोणाचंच पोट भरलं नसतं. शंभर गावांच्या शंभर रात्री मिळून त्यांचा हंगाम होतो. कोणी बसून वेळापत्रक आखलं नव्हतं. गावांनी एकमेकांच्या पाहुण्यांचा विचार करत पिढ्यान्‌पिढ्या हे जमवत आणलं असावं, असं माझं मत आहे. लेक शेजारच्या गावात दिलेली, सोयरे पलीकडच्या गावातले. दोन जत्रा एका रात्री आल्या तर कोणी कोणाकडे जायचं?

तिथीचा नियम मोडणारी प्रसिद्ध जत्रा आंगणेवाडीची. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या या वाडीत भराडीदेवीची जत्रा पंचांगाने ठरत नाही. देवीला कौल लावून, गावकऱ्यांच्या जुन्या रीतीने दिवस ठरतो आणि ठरला की बातमी मुंबईच्या चाळींपर्यंत एका दिवसात पोहोचते. दीड दिवसाची ही जत्रा. तिच्यासाठी कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते, आमदार-मंत्री रांगेत उभे राहतात. तिचं महत्त्व कमी लेखायचं नाही, पण लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच जत्रेला जाणाऱ्या घराला मी आंगणेवाडी सुचवणार नाही. तिथे गर्दीतून वाट काढण्यातच रात्र जाते.

आम्ही गेलो सोनुर्लीला. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी असते. २०२४ साली पौर्णिमा १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी आली, जत्रा शनिवारी. नोकरी आणि शाळा सांभाळून जाणाऱ्यांना असा योग क्वचित लाभतो. माझी सासुरवाडी त्याच पट्ट्यात. मध्यरात्री दादरहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस धरली. हिचं नाव पूर्वी राज्यराणी होतं, पुढे केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी झालं. सकाळ टळायच्या आत सावंतवाडी रोड स्थानकावर उतरलो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याआधी हाच प्रवास रात्रभर एसटीने, आणि त्याही आधी बोटीने वेंगुर्ल्यापर्यंत. माझे सासरे बोटीच्या काळातले. जत्रेला बोटीतून येणारे चाकरमानी ट्रंकेतून मुंबईचा हलवा आणि पावबिस्किटं आणायचे आणि जाताना तांदूळ, कुळीथ, कोकमं न्यायचे, हे त्यांनी मुलांना सांगितलं.

दुपारी मामाने मुलांना सावंतवाडीत चितारआळीत नेलं. लाकडी फळं, भातुकली, रंगीत पाट, सगळं लाखेच्या रंगात चमकणारं. फळांसाठी पूर्वापार पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत. इथल्या राजवाड्यात गंजिफांची परंपरा जपली गेली. ती बुडू लागली तेव्हा राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवींनी, ती पुन्हा उभी केली. गंजिफांच्या गोल पत्त्यांवर हाताने रंगवलेले दहा अवतार पाहून धाकट्या मुलाने विचारलं, रात्री नाटकात हे सगळे येणार का? मामा म्हणाला, "सगळे येवचे नाय, पण एक राक्षस येतलो." एवढ्यावर त्याचा दिवस निघाला.

संध्याकाळी सोनुर्लीला निघालो. गाड्या भात कापलेल्या कुणग्यांत लावल्या होत्या, सडांवरून पाय टाकत वाट देवळाकडे जात होती. विधानसभेचं मतदान चार दिवसांवर आलं होतं, त्यामुळे वाटेवर हात जोडून उभे असलेल्यांची कमी नव्हती. पण देवळाच्या कमानीच्या आत सगळ्यांचं लक्ष माऊलीकडे. बायकांच्या हातात ओटीचं ताट, त्यात खण, नारळ, तांदूळ, फुलांची वेणी. ओटीच्या रांगेत माझी सासू, बायको आणि लेक एकामागे एक उभ्या होत्या. तासाभराने देवीपुढे पोहोचल्या. पुढे दुसऱ्याच बाजूला माहेरवाशिणींचे घोळके. एकीने दुसरीला ओळखलं की, "गो बाय, केदवा इलंस?" आणि मग दहा मिनिटं वाट अडलेली. कोणी चिडत नाही. जत्रेतली अर्धी गर्दी देवाला आलेली असते आणि अर्धी एकमेकांना भेटायला, आणि देवाला त्यात काही वावगं वाटत असेल असं मला दिसलं नाही.

खाज्याच्या दुकानापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. मालवणी जत्रेची ओळख म्हणजे खाजं. बेसनाचं घट्ट पीठ भिजवायचं, त्यात हळद-मीठ, सोऱ्यातून जाड कांडी पाडायची आणि तेलात कडकडीत तळायची. मग गुळाचा पाक. खरी हातोटी त्या पाकात आहे. कच्चा राहिला तर कांड्या चिकटतात, पुढे गेला तर गूळ कडू होतो. आल्याचा रस आणि तीळ घालून पाकात कांड्या टाकायच्या आणि गूळ सुकून कांडीवर पांढुरका थर धरेपर्यंत हलवत राहायचं. दुकानातली बाई टोपलीतली खाजी हाताने वरखाली करत होती, तळाला भुगा साठला की चाळून बाजूला काढत होती. लहान मुलांना तो भुगा ती फुकट देत होती. धाकट्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवून म्हणाली, "खा रे झिला, आल्याचां आसा, तिखट लागतलां." लागलं. त्याने डोळे मिटले आणि पुन्हा हात पुढे केला.

तिचं दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पुढे फळ्यांचा उतार. जागेची पावती फाडावी लागते, पण जागा वर्षानुवर्षं तीच. तिच्या सासूच्या वेळी याच आंब्याखाली दुकान लागायचं. तेव्हा पेट्रोमॅक्सची बत्ती होती, आता एलईडी. हंगामात आठवड्यातल्या बहुतेक रात्री कुठे ना कुठे दुकान असतं. दिवसा घरी जाऊन पुढल्या रात्रीचं खाजं करायचं, दुपारी दोन तास झोप. २०२०च्या कोरोना-निर्बंधांत जत्रा फक्त मानकऱ्यांपुरत्या झाल्या, तेव्हा हंगाम अख्खा बुडाला. खाजं महिनाभर टिकतं म्हणून घरोघरी फिरून विकलं, असं ती सांगत होती. शेजारी खटखटे लाडू, शेंगदाण्याचे लाडू, पलीकडे उसाच्या कांड्यांच्या मोळ्या. पिपाण्या, काकणं, प्लॅस्टिकची बंदूक, हे सगळीकडचं. जत्रांत आडोशाला जुगारही बसतो. मोठी माणसं त्याच्याविषयी बोलायचं टाळतात, पण एका रात्रीत महिन्याची मजुरी हरलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. देवाच्या नावाने आलेल्या माणसाला असं नागवणं मला अजिबात मान्य नाही, आणि जत्रेचं कौतुक करताना हे झाकावं असंही वाटत नाही.

सोनुर्लीचं वैशिष्ट्य म्हणजे लोटांगणं. नवस फेडायला आलेले पुरुष ओल्या अंगाने जमिनीवर लोळत देवळाभोवती प्रदक्षिणा घालतात, बायका उभ्यानेच. महाराष्ट्रातून, गोव्यातून, बेळगावच्या बाजूने माणसं येतात. मी दूर उभा राहून पाहणार होतो, पण सासऱ्यांनी पुढे ओढलं. जवळून जे दिसलं ते दुरून कधीच दिसलं नसतं. एक पंचविशीतला मुलगा लोटांगण घालत होता. त्याच्या पुढे त्याचा बाप वाकून, हाताने वाटेतले खडे वेचत चालला होता. मुलगा एक वळसा लोळला की बाप दोन पावलं पुढे. मागून बहीण त्याचं डोकं दगडावर आपटू नये म्हणून हात धरून होती. नवस कसला होता ते विचारायचं नसतं. माझी मुलगी बारा वर्षांची, प्रश्न विचारणारी. देवाला असं लोळलेलं आवडतं का, हा प्रश्न तिने आजीला विचारलाच. आजी म्हणाली, "देवीक काय व्हया ता देवीक म्हायत. आमका आमचो शबुद पाळूचो लागता." यापेक्षा सरळ उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वेंगुर्ले तालुक्यातल्या एका लहान गावी गेलो. मेव्हण्याच्या ओळखीचं घर, घराच्या मागे देऊळ. दुकानं मोजकीच, गर्दी गावापुरती. खरी जत्रा पाहायची तर अशा गावातली पाहावी, असं आता माझं ठाम मत झालं आहे. अकराच्या पुढे पालखी निघाली. ढोल-ताशांच्या गजरात, दारूकामाच्या उजेडात देवळाभोवती पालखीची प्रदक्षिणा झाली. मानकऱ्यांचे मान ठरलेले, कोणाचा हात कुठल्या दांडीला हेसुद्धा ठरलेलं. मुलं पेंगायला लागली होती. तेवढ्यात देवळाच्या बाजूच्या पडवीत दशावताराचे पेटारे उघडले.

मंडळाच्या प्रमुखांना, म्हणजे नाईकांना, विचारून मुलांना आत नेलं. जमिनीवर चटई, प्रत्येकापुढे हाताएवढा आरसा, डब्यांत सफेदा आणि रंग. आपला चेहरा आपणच रंगवायचा, रंगवणारा वेगळा माणूस नसतो. एक मनुष्य उघड्या अंगाने बसून ओठ रेखत होता. दंड कापणी करणाऱ्या माणसाचे, बोटांना विळ्याचे घट्टे. त्याने केसांचा टोप चढवला, नथ अडकवली, लुगडं नेसायला उठला आणि निऱ्या घालताना त्याचं चालणंच बदललं. मुलीशी बोलला तेव्हा आवाज पुरुषाचाच होता: "शाळेक खंय जातंस?" पुढे रंगमंचावर तोच आवाज चित्रांगदेचा झाला. अशांना इथे स्त्रीपार्टी म्हणतात, राजाची कामं करणारा तो राजपार्टी. समर्थांना यात माया दिसली. मला त्या माणसाची मेहनत दिसली.

खेळाला नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग ज्याची अख्खा गाव वाट पाहतो तो संकासूर. काळ्या कपड्यात नखशिखान्त झाकलेला हा असुर वेद चोरतो आणि विष्णू त्याला मारतो, मत्स्यावताराची कथा. पण संकासूर मरण्याआधी मालवणीत गावाची खबर घेतो. रस्त्याचं काम कुठे अडलं, कोणी पाण्याची मोटार कोणाच्या बावीवर लावली, सगळं त्याच्या तोंडी येतं. समोर सरपंच बसलेला असतो आणि हसतो, कारण ही मुभा त्या असुराला पूर्वीपासून आहे. धाकटा जागाच होता. राक्षसाला सगळे हसतात आणि तरी तो राक्षस आहे, हे कोडं त्याला दोन दिवस पुरलं.

दहा अवतार मात्र येत नाहीत, मामाने आधीच सांगितलं होतं. आडदशावतारानंतर आख्यान लागतं, पुराणातली किंवा महाभारतातली एखादी कथा. त्या रात्री बभ्रुवाहनाची होती. अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन मणिपुरात येतो, बभ्रुवाहन बाप म्हणून त्याच्या पायाशी जातो, अर्जुन त्याला भेकड म्हणून झिडकारतो आणि त्याच्या आईच्या, चित्रांगदेच्या शीलावरही बोट ठेवतो. मग बापलेकांचं युद्ध. या नाटकाची लिहिलेली संहिता नसते. खेळाआधी नाईक कथेचा सांगाडा सांगतो, कोण कधी येणार, कुठे लढाई, कुठे पद. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. पुराणं तोंडपाठ लागतात, शिवाय समोरच्याने टाकलेला मुद्दा झेलून उलटा टाकायची तयारी. अर्जुन आणि बभ्रुवाहन यांचा वाद पाऊण तास चालला. क्षत्रियाने पाहुण्याला हार घालावा की बाण, यावर दोघांनी एकमेकांना श्लोकांचे दाखले दिले. माझ्या शेजारचे म्हातारे बरोबर उत्तर आलं की मांडीवर थाप मारत होते. अर्जुन दिवसा रिक्षा चालवतो आणि बभ्रुवाहनाची स्वतःची काजूची बाग आहे, हे मला नंतर कळलं.

या संवादकलेचा मराठी नाटकाशी थेट संबंध आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ती आधुनिक मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात. चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून त्या धर्तीचे मराठी खेळ करायची आज्ञा भाव्यांना झाली होती. दशावतार आणि कर्नाटकातलं यक्षगान ही एकाच किनाऱ्यावरची भावंडं आहेत, त्यामुळे मराठी नाटकाच्या जन्माची गोष्ट सांगताना दशावताराला ‘लोककला’ म्हणून प्रास्ताविकाच्या परिच्छेदात बसवून पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. सूत्रधार, गणेशाचं आणि सरस्वतीचं आगमन, मग आख्यान, हा क्रम भाव्यांच्या नाटकातही दिसतो. मूळ झाड अजून उभं आहे आणि दरवर्षी फळतं. ते पाहायला जाणारे अभ्यासक मात्र थोडे.

मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, चेंदवणकर, आरोलकर, खानोलकर, ही जुन्या मंडळांची नावं गावांवरून पडलेली. कुठल्या गावच्या जत्रेत कुठल्या मंडळाने खेळ करायचा हे पिढीजात ठरलेलं असतं. मान मंडळाचा, म्हणून बिदागी वाढवून मागायची सोयही कमी. अलीकडे नवी मंडळं निघाली आणि नटांना मोठं नावही मिळालं. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोक लोकराजा म्हणत. २०२२ साली ते गेले. महिलांची मंडळंही उभी राहिली आहेत. जत्रेबाहेरच्या जाहीर प्रयोगांच्या हँडबिलांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ असं ठळक छापलेलं असतं. धूर, प्रकाश, हवेत उडणारा देव. काही जाणकार याला नाकं मुरडतात. मला त्यात मोठा दोष दिसत नाही, कारण तिकीट काढून येणाऱ्या पोरांना बांधून ठेवायचं आव्हान नटांपुढे आहे. खरी काळजी वेगळी आहे. वेळ वाचवायला आडदशावतार कापला जातो. काही ठिकाणी गणपती आणि सरस्वती उरकून थेट आख्यान लागतं आणि संकासूर येतच नाही. गावाची खबर घेणारा तो एकच आवाज. तो गेला तर जत्रेचं निम्मं बळ गेलं.

नट रात्रीच्या हिशेबाने पैसे घेतो, त्याला इथे ‘नाईट’ म्हणतात. पाऊस लागला की नाईट संपतात. आजारपण आलं तर हाताशी काही नसतं. ‘पिकासो’ हा दशावतारी नटाच्या घरची गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट, त्याला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. २०२५च्या सप्टेंबरात दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला आणि शहरांतली चित्रपटगृहं भरली. याचा आनंद आहेच. पण पडद्यावरच्या दशावताराला शे-दोनशे रुपये देणाऱ्या प्रेक्षकाने खऱ्या खेळात आरतीचं ताट फिरतं तेव्हाही हात आखडता घेऊ नये. आमच्यासमोर ताट आलं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या कनवटीच्या नोटा काढून टाकत होत्या.

आणखी दोन गोष्टी. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावायला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. नियम चांगलाच आहे. पण रात्रीच व्हायचा असा हा खेळ पूर्वी ध्वनिवर्धकाशिवायच होत होता. लहान गावात आजही नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, आम्ही ऐकला आहे. मंडळांनी तिथे ध्वनिवर्धक उतरवला तर खेळही वाचेल आणि नियमही. दुसरी गोष्ट स्वच्छतागृहांची. अनेक लहान जत्रांत बायकांसाठी सोय नसते. रात्रभर बसणाऱ्या आज्या, दुकानं लावणाऱ्या बायका, आता स्वतःचं मंडळ घेऊन येणाऱ्या नट्या, या सगळ्यांनी काय करायचं? कमानीवर पुढाऱ्यांचे फलक लावायला पैसा असतो, चार तात्पुरत्या शौचालयांना नसतो. जत्रेला ‘महोत्सव’ म्हणून बढती देण्याआधी हे काम झालं पाहिजे.

पहाटे बभ्रुवाहनाने अर्जुनाला पाडलं, नागकन्या उलूपीने मणी आणून त्याला उठवलं, चित्रांगदेचा विलाप संपला तेव्हा कोंबडे आरवत होते. मग दहीकाला. हंडी फुटली, काला वाटला, मुलीच्या ओंजळीतही पडला. ती रात्रभर जागी होती. तोंडावरचा रंग खोबरेल तेलाने पुसत चित्रांगदा पेटारा आवरत होती. टेम्पो लागला होता, संध्याकाळी पुढच्या गावी नाईट. आम्ही घरी जाऊन दुपारपर्यंत झोपलो. मुलांची सोमवारची शाळा बुडाली, आणि ती बुडवली याचं मला समाधान आहे.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून कुडाळजवळ पिंगुळीला थांबलो. ठाकर समाजातले परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या गोठ्यात उभारलेल्या संग्रहालयात जपल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रात्री ज्या कथा माणसांनी केल्या, त्याच इथे बाहुल्या करतात. मुलांना दोन्ही एकाच फेरीत पाहायला मिळावं, म्हणून ही जोड सुचवतो.

२०२५ साली त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला, बुधवारी आली, म्हणजे सोनुर्ली आठवड्याच्या मध्यावर. अशा वर्षी ज्यांना शनिवार-रविवारच जमतो त्यांनी सावंतवाडी, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याला ओळखीच्या घरी फोन करून त्या दोन रात्री कुठल्या गावी जत्रा आहे ते विचारावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुधा कुठे ना कुठे असतेच. बसायला चटई, मुलांना स्वेटर, ताटात टाकायला सुट्टे पैसे जवळ असावेत. आडदशावतार कापणार का, हे मंडळाला आधी विचारावं, आणि कापू नका अशी विनंती करावी. पाहुण्यांनी मागितलं तर मंडळी ऐकतात.